अंतर एकच, वेळा दोन

सिडनी आणि सँटियागो. एक विमानतळ ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, दुसरा चिलीत, आणि मधे सगळा दक्षिण पॅसिफिक. अक्षांश पाहिले तर दोघं जवळजवळ एकाच ओळीत आहेत: सिडनी ३३.९५ अंश दक्षिण, सँटियागो ३३.३९ अंश दक्षिण. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी आडवी ठेवली की दोन्ही ठिपके तिच्या कडेला लागतात आणि हात आपोआप आडवी रेघ ओढतो. ती रेघ धरून, म्हणजे अक्षवृत्ताच्या कडेकडेने गेलं, तर अंतर भरतं सुमारे १२,७७० किलोमीटर. प्रत्यक्षात दोघांमधलं सर्वांत कमी अंतर आहे सुमारे ११,३४० किलोमीटर. ही जवळची वाट सिडनी सोडल्या सोडल्या दक्षिणेकडे वळते, मध्यावर पार ६२ अंश दक्षिणेपर्यंत जाते आणि मग हळूहळू वर येऊन सँटियागोला पोचते. १,४०० किलोमीटरांहून जास्त बचत, आणि तीही नकाशावर लांबची दिसणारी वाट धरून!

याच जोडीतली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सिडनीहून सँटियागोला जाताना साडेबारा तासांच्या आसपास लागतात, परत येताना चौदांच्या आसपास. अंतर तेच, विमान बहुधा त्याच जातीचं. तरीही दोन शहरांची नावं टाकली की पुष्कळ ठिकाणी अंतर भागिले ठरावीक वेग असा हिशेब करून प्रवासाची एकच वेळ दाखवली जाते. तो आकडा जाणाऱ्यालाही पुरता लागू पडत नाही आणि येणाऱ्यालाही. म्हणून अंतर आणि वेळ हे दोन प्रश्न वेगवेगळे धरावेत. पहिला भूमितीचा आहे आणि सुटायला सोपा आहे. दुसऱ्यात वारा, राजकारण, इंजिनं, इंधन आणि घड्याळ सगळे हात घालतात.

आधी सोपा प्रश्न. पृथ्वीगोल घ्या, दोन ठिकाणांवर बोटांनी दोरा धरा आणि ताणा. दोरा जिथे घट्ट बसेल ती सर्वांत जवळची वाट. या दोऱ्याची रेघ गोलाभोवती पुरी फिरवली तर पृथ्वीचे दोन समान अर्धे होतात, आणि त्या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, पण ३४ अंशांचं अक्षवृत्त नाही. सिडनी आणि सँटियागोच्या आडव्या रेघेची फसगत तिथेच होते. आसनासमोरच्या पडद्यावर विमानाची वाट कमानीसारखी दिसते, तेव्हा विमान वळसा घेतंय असं वाटतं. खरं तर ते नाकासमोर सरळ चाललेलं असतं आणि वाकडेपणा कागदाचा असतो. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये केलेला नकाशा जहाजांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून चाललेल्या जहाजाची वाट त्यात सरळ रेघ म्हणून उमटावी, ही त्याची सोय होती. त्या सोयीची किंमत म्हणून ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. ६० अंशांवर प्रत्येक लांबी दुप्पट दिसते. बृहद्वृत्तावरून जाताना मात्र होकायंत्राची दिशा सतत बदलत राहते. वरच्या वाटेवर विमान निघतं आग्नेयेकडे तोंड करून आणि पोचतं ईशान्येकडे तोंड करून, मधे एकदाही वळण न घेता.

हे अंतर हाताने काढता येतं आणि प्रत्येकाने एकदा काढून पाहावं असं मला मनापासून वाटतं. साधा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर पुरतो. दोन्ही अक्षांशांचे साइन घ्या आणि त्यांचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन घ्या, त्यांचा गुणाकार करा आणि त्याला दोन रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्ही उत्तरांची बेरीज करून तिचा व्यस्त कोसाइन काढला की पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन अंशांत मिळतो. एका अंशाला १११.१९५ किलोमीटर, कारण पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरतात.

सिंगापूरचा चांगी आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ घेऊ. चांगी १.३५ उत्तर, १०३.९९ पूर्व. केनेडी ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्व आणि दुसरा पश्चिम, त्यामुळे रेखांशांतला फरक बेरजेने येतो: १७७.७७ अंश. पहिला गुणाकार ०.०१५३, दुसरा उणे ०.७५८०, बेरीज उणे ०.७४२७. कोन १३७.९६ अंश आणि अंतर सुमारे १५,३४० किलोमीटर. रेखांशांतला फरक १८० च्या इतका जवळ असल्यामुळे ही वाट उत्तर ध्रुवापासून जेमतेम २८० किलोमीटरांवरून जाते.

चुका कुठे होतात? सर्वांत जास्त चुका चिन्हात. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे लिहायचे असतात. केनेडीच्या ७३.७८ आधीचं उणे चिन्ह राहिलं तर तो विमानतळ मध्य आशियात, किरगिझस्तानात जाऊन बसतो आणि सिंगापूरपासूनचं अंतर १५,३४० च्या जागी सुमारे ५,३२० येतं. उत्तर इतकं सुबक असतं की शंकाच येत नाही. दुसरी चूक अंश आणि मिनिटांची. तक्त्यात ४० अंश ३८ मिनिटं असं छापलेलं असतं आणि ते ४०.३८ असं टाकलं जातं. ३८ मिनिटं म्हणजे ०.६३ अंश. पाव अंश चुकला की २८ किलोमीटर गेले. तिसरी चूक कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर राहण्याची. तिथे उत्तर इतकं वेडंवाकडं येतं की ती लगेच पकडली जाते. शिवाय ठिकाणं अगदी जवळजवळ असतील तर ही रीत आकड्यांच्या गोळाबेरजेत अडखळते, तेव्हा हॅवरसाइन नावाचं सूत्र वापरतात. लांबच्या विमानतळांसाठी दोन्हींचं उत्तर एकच.

किती बारकाईने विश्वास ठेवायचा, हेही इथेच सांगायला हवं. पृथ्वी पुरती गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८.१ किलोमीटर आहे, ध्रुवाशी ६,३५६.८. गोल धरून केलेला हिशेब जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो, म्हणजे लांबच्या प्रवासात काही दहा किलोमीटर. विमानतळाचे म्हणून जे अक्षांश-रेखांश छापतात, ते टर्मिनलच्या दाराचे नसतात आणि धावपट्टीच्या टोकाचेही नसतात. ते विमानतळाच्या साधारण मध्यावर ठरवलेल्या संदर्भबिंदूचे असतात. मोठ्या विमानतळावर धावपट्टीचं टोक त्या बिंदूपासून दोन-तीन किलोमीटर लांब असू शकतं. तेव्हा १५,३४०.६२७ असा आकडा दिसला तर दशांशचिन्हापुढचं सगळं खुशाल सोडून द्यावं.

मैलांच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. वैमानिकाचा मैल हा नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटरांचा. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरांचा. सिंगापूर ते न्यूयॉर्क ८,२८३ नॉटिकल मैल किंवा ९,५३२ साधे मैल. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असलं की पंधरा टक्क्यांची चूक दबा धरून बसलेली असते. नॉटिकल मैल उगीच विचित्र नाही. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग जवळपास तेवढाच भरतो, त्यामुळे नकाशाच्या कडेवरच अंतर मोजता येतं.

इथवर भूमिती. पण दोऱ्याच्या रेघेवरून तंतोतंत कुणीच उडत नाही.

निघतानाच वाट वाकडी करावी लागते. टेक-ऑफ वाऱ्याच्या समोर करायचा असतो. जायचं पूर्वेला आणि वारा पश्चिमेचा असला तर विमान आधी पश्चिमेकडे उडतं आणि मग वळतं. मोठ्या विमानतळांना बाहेर पडायच्या आणि आत यायच्या वाटा ठरलेल्या असतात; त्या शहरांवरचा आवाज, डोंगर आणि शेजारच्या विमानतळाची रहदारी पाहून आखतात. अवघ्या ३०० किलोमीटरांच्या उड्डाणात या वळशांचा वाटा मोठा असतो, १०,००० किलोमीटरांच्या प्रवासात तो हरवून जातो.

त्यापुढचे अडथळे अधिक गंभीर. तिबेटचं पठार घ्या. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाने तातडीने १०,००० फुटांच्या आसपास खाली यायचं असतं, कारण डोक्यावरून खाली पडणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण पाव तासाचाच असतो. तिबेटवर जमीनच सरासरी १४,००० फुटांहून उंच आहे. खाली यायला जागा नाही, म्हणून बहुतेक लांबचे मार्ग पठाराला बगल देऊन जातात. समुद्रावर प्रश्न वेगळा. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या एकावर ठरावीक मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ हवा. अमेरिकेत १९५३ पासून ही मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८५ मध्ये १२० मिनिटांना परवानगी मिळाली, पुढे १८०, आणि आता काही विमानांना ३३० किंवा ३७० मिनिटांपर्यंतची मुभा आहे. सिडनी–सँटियागो मार्गावर दीर्घकाळ चार इंजिनांचं बोइंग ७४७ उडायचं, ते याचमुळे. त्या वाटेवर मैलोन्मैल उतरायला काही नाही. इंजिनं भरवशाची होत गेली, मिनिटं वाढली आणि दोन इंजिनांची विमानं त्या बर्फाळ पाण्यावरून जाऊ लागली.

तिसरा अडथळा माणसांनी घातलेला. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर ७,८०० किलोमीटरांच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक भाग रशियावरून. शीतयुद्धात ती हवाई हद्द जवळजवळ बंद होती. १९५७ मध्ये कोपनहेगनहून टोकियोला जाणारं विमान उत्तरेकडून अलास्कातल्या अँकरेजला थांबून जायचं. १९८३ मध्ये हेलसिंकीहून टोकियोला विनाथांबा विमान सुरू झालं, तेही सोव्हिएत हद्द टाळून, उत्तर ध्रुवावरून. नंतर हद्द खुली झाली आणि तोच प्रवास साडेनऊ तासांवर आला. फेब्रुवारी २०२२ नंतर ती हद्द युरोपीय विमानांना पुन्हा बंद झाली आणि वेळ गेली तेरा तासांवर. दोन शहरं जागची हलली नाहीत, दोऱ्याचं अंतर बदललं नाही. अंतराच्या तक्त्यात आजही ७,८०० च लिहिलेलं असतं आणि प्रवासी साडेतीन तास जास्त बसतो.

आता वारा. या विषयात माझं मन सर्वांत जास्त इथे रमतं.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमक्या मोठ्या विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात. यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात. शेकडो किलोमीटर रुंद, हजारो किलोमीटर लांब, आणि नदीसारखे नागमोडी. वेग ताशी १०० ते २०० किलोमीटर नेहमीचाच, कधी ३०० च्याही पुढे. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उबदार हवा यांच्या तापमानातला फरक जितका मोठा तितका हा वारा जोरकस, म्हणून हिवाळ्यात तो अधिक वाहतो. १९२० च्या दशकात जपानमध्ये तातेनो इथल्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी या शास्त्रज्ञाने फुगे सोडून या वाऱ्यांची मोजणी केली होती. त्याने आपला अहवाल जगाने वाचावा म्हणून एस्पेरांतो भाषेत लिहिला, आणि नेमका त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांची गाठ याच वाऱ्याशी पडली.

वाऱ्याचा हिशेब कागदावर मांडून पाहिला की एक न पटणारी गोष्ट पुढे येते. अंतर ९,००० किलोमीटर, विमानाचा हवेतला वेग ताशी ९००, वारा ताशी १००. वारा नसता तर जायला दहा तास, यायला दहा तास, एकूण वीस. वारा पाठीशी असताना जमिनीवरचा वेग १,०००, वेळ नऊ तास. समोरून असताना वेग ८००, वेळ सव्वाअकरा तास. एकूण सव्वावीस. जाताना वाऱ्याने दिलेला एक तास तो येताना परत घेतो आणि वर पाव तास व्याज लावतो. कारण साधं आहे: समोरचा वारा विमानाला जास्त वेळ भेटतो. वारा दुप्पट केला, २०० केला, तर जाताना आठ तास अकरा मिनिटं, येताना बारा तास एक्कावन्न मिनिटं. व्याज एका तासावर जातं. म्हणून जोरदार वाऱ्याचा हिवाळा विमान कंपन्यांना कधीच फायद्याचा नसतो, एका दिशेची विमानं कितीही लवकर पोचोत.

न्यूयॉर्क ते लंडन अंतर ५,५४० किलोमीटर. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या काळात एका बोइंग ७४७ ने ते चार तास छप्पन्न मिनिटांत कापलं, जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरांच्या पुढे गेला. त्या विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला असं तेव्हा बरेच जण म्हणाले, पण ते खरं नाही. त्या उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किलोमीटर. विमान भोवतालच्या हवेच्या तुलनेत त्याच्या ०.८५ पटीने, म्हणजे ९०० नेच चाललेलं होतं. बाकीचं सगळं ती हवाच वाहून नेत होती.

वारा असा मोठा भिडू असल्यामुळे उत्तर अटलांटिकवरच्या वाटा रोज नव्याने आखतात. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वारा टाळणाऱ्या, रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी वारा पकडणाऱ्या. कालची वाट आज नसते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान युरोप आणि अटलांटिकवरून न जाता पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेलं गेलं. नेहमीची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची, ही १५,३०० ची. १,४०० किलोमीटर जास्त उडूनही ते साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा लवकर, कारण वारा सबंध वाटभर पाठीशी होता. सिंगापूरहून न्यूयॉर्कला निघालेलं विमानही बहुतेक वेळा ध्रुवाजवळचा दोरा सोडून पॅसिफिक ओलांडतं ते म्हणूनच.

आता तिकिटावरची वेळ. ती हवेतली वेळ नसते. गेटवर चाकांखालचे ठोकळे काढून विमान हलतं तिथपासून दुसऱ्या गेटवर पुन्हा ठोकळे लागेपर्यंतची ती वेळ, तिला ब्लॉक टाइम म्हणतात. पुशबॅक म्हणजे गेटवरून मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंतची टॅक्सी म्हणजे चाकांवरून चालत जाणं, रांग, चढण, मधला सपाट प्रवास, उतरण, पुन्हा टॅक्सी, सगळं त्यात. चढायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. उतरण बरीच आधी सुरू होते: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल असा अंदाज धरतात, म्हणजे ३५,००० फुटांवरून सुमारे २०० किलोमीटर आधी. १०,००० फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरांच्या वर जाता येत नाही. त्यामुळे पहिला आणि शेवटचा तुकडा नेहमीच रेंगाळतो.

यावरून एक ठोकताळा बसतो. दोऱ्याचं अंतर किलोमीटरांत घ्या, ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. सिंगापूर–न्यूयॉर्क: १५,३४० भागिले ८५० म्हणजे अठरा तास, वर अर्धा, साडेअठरा. वेळापत्रकातही साधारण तेवढेच असतात. १,००० किलोमीटरांना हाच ठोकताळा पावणेदोन तासांच्या आत-बाहेर देतो, तोही जमतो. मग वाऱ्याची दुरुस्ती. मध्य अक्षांशांत लांबचा प्रवास पूर्वेकडे असेल तर अर्धा तास वजा करा, पश्चिमेकडे असेल तर पाऊण-एक तास मिळवा, हिवाळ्यात आणखी थोडा. उत्तर-दक्षिण प्रवासाला दुरुस्ती जवळजवळ लागत नाही. जोहान्सबर्ग–लंडन ९,०७० किलोमीटर, दोन्ही दिशांना अकरा तासांच्या आसपास. घड्याळातही तासा-दोन तासांचाच फरक पडतो, म्हणून एवढा लांबचा प्रवास असूनही झोपेची घडी फारशी मोडत नाही. वाट जुनी रशियावरची असेल किंवा युद्धाने बंद झालेल्या हद्दीवरची असेल, तर ठोकताळा बाजूला ठेवून सध्याचं वेळापत्रकच पाहावं.

वेळापत्रकातही कंपन्या हातचा राखून ठेवतात. ठरल्यापेक्षा पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर विमान वेळेवर धरलं जातं, त्यामुळे गजबजलेल्या विमानतळांच्या वेळा जरा सैल आखतात. उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोचतं, त्यात वैमानिकाने दामटलं असं क्वचितच असतं. वेग थोडा वाढवला तरी लांबच्या प्रवासात काही मिनिटंच मिळतात आणि इंधन मात्र चांगलंच जळतं. बहुतेकदा तो राखलेला हातचाच खर्ची पडलेला असतो.

घड्याळाचा हिशेब जमायला एकच रीत मला भरवशाची वाटते: दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये आणायच्या आणि मग वजाबाकी करायची. न्यूयॉर्कहून हिवाळ्यात सोमवारी रात्री साडेदहाला निघालेलं विमान सिंगापूरला बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पोचतं. तिकिटावर वेळेपुढे ‘+२’ दिसतो आणि माणूस दचकतो. न्यूयॉर्कचं घड्याळ यूटीसीच्या पाच तास मागे, म्हणून निघण्याची वेळ मंगळवार पहाटे साडेतीन. सिंगापूर आठ तास पुढे, म्हणून पोचण्याची वेळ मंगळवार रात्री दहा वाजून दहा. वजाबाकी अठरा तास चाळीस मिनिटं. मार्चमध्ये न्यूयॉर्कचं घड्याळ एक तास पुढे सरकतं, सिंगापूरचं सरकत नाही. फरक तेराचा बाराच होतो आणि पोचण्याची छापील वेळ हलते. एक शहर उत्तर गोलार्धात आणि दुसरं दक्षिणेत असलं आणि दोन्हीकडे घड्याळं हलवत असले, तर एक पुढे जातं तेव्हा दुसरं मागे येतं, तेही वेगवेगळ्या रविवारी. त्या दोन-तीन आठवड्यांत पाठ असलेला फरक वापरणारे हमखास चुकतात. शिवाय सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात: भारत साडेपाच, नेपाळ पावणेसहा, न्यूझीलंडची चॅटम बेटं पावणेतेरा.

तारीखरेषेवर तर माणूस निघाला त्याच्या आधी पोचतो. जुलैत ऑकलंडहून रात्री आठला निघा. लॉस एंजेलिस सुमारे १०,५०० किलोमीटर, बारा तास. ऑकलंडच्या घड्याळात दुसऱ्या दिवशी सकाळचे आठ, लॉस एंजेलिस एकोणीस तास मागे, म्हणजे तिथे आदल्याच, निघालेल्या दिवशीचा दुपारचा एक. परतताना तो दिवस भरपाई म्हणून कापला जातो. एका देशाने तर सबंध दिवसच गाळला. सामोआ तारीखरेषेची बाजू बदलून पलीकडे गेला, तेव्हा तिथे ३० डिसेंबर २०११ हा दिवस उगवलाच नाही.

विनाथांबा किती लांब जाता येतं, हे शेवटी इंधनाच्या वजनावर अडतं. सिंगापूर–न्यूयॉर्कसाठीच्या एअरबस ए३५०-९०० यूएलआर या खास लांब पल्ल्याच्या विमानाच्या टाक्यांत १,६५,००० लिटर मावतं, साधारण १३२ टन. विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २८० टन. टाक्या भरल्या तर जवळपास निम्मं विमान म्हणजे इंधनच. शेवटच्या तासात जळणारं इंधन आधीचे सतरा तास उचलून न्यावं लागतं आणि ते उचलायलाच आणखी इंधन जळतं, म्हणून तिथे आसनं १६१ च ठेवली आहेत. सुरुवातीला विमान जड असल्यामुळे फार उंच जाऊ शकत नाही. जसं हलकं होतं तसं पायऱ्या चढल्यासारखं दोन-दोन हजार फूट वर सरकतं. याशिवाय वाटेत अडचण आली तर पाच टक्के, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्यापुरतं, आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं इंधन वेगळं असावंच लागतं. ध्रुवाकडे आणखी एक काळजी: जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागतं. पंखांतल्या टाक्या गार होत गेल्या तर विमान खाली, कमी थंड हवेत आणतात किंवा वेग थोडा वाढवतात. हवेच्या दाबाने पंखांचं तापमान थोडं चढतं.

१९४३ ते १९४५ मध्ये पर्थहून श्रीलंकेतल्या कोग्गलाला कॅटालिना जातीच्या उडत्या नौका विनाथांबा जायच्या. अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर, वेळ सत्तावीस ते तेहतीस तास. आतले लोक एकाच प्रवासात दोनदा सूर्योदय पाहायचे. आपल्या ठोकताळ्याने आज तेच अंतर सात तासांचं आहे.

थांब्याच्या प्रवासात तिकिटावरचा एक शब्द नीट वाचायला हवा. नॉन-स्टॉप म्हणजे मधे उतरायचं नाही. डायरेक्ट म्हणजे फक्त विमानाचा क्रमांक एकच. मधे कुठेतरी उतरून पुन्हा उडणारं विमानही डायरेक्टच असतं. मधल्या शहरामुळे वाट किती वाढली हे पाहायला दोन तुकड्यांची अंतरं काढून बेरीज करा. बेरीज मूळ अंतराच्या पाच-सात टक्क्यांनी जास्त असेल तर वळशाचा तोटा नगण्य. वेळ खातो तो थांबा: दुसरी उतरण, टॅक्सी, गेटवरचा तास, पुन्हा चढण. सगळं इतकं आटोपशीर झालं तरी दीड-दोन तास जातातच. शिवाय शहर एक आणि विमानतळ दोन, असं नाही ना हे आधी बघावं. टोकियोचे हानेदा आणि नारिता एकमेकांपासून सुमारे साठ किलोमीटर लांब आहेत.

दोन विमानांमधली किमान वेळ प्रत्येक विमानतळ ठरवून देतो आणि एकाच तिकिटावर ती पाळलेली असते. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी करते. दोन वेगळी तिकिटं घेतली की ती जबाबदारी प्रवाशाची, बॅगही बाहेर येते, आणि ती घेऊन पुन्हा चेक-इनच्या रांगेत उभं राहावं लागतं. कागदावर नव्वद मिनिटं दिसली तरी दार उघडून बाहेर यायला दहा-पंधरा जातात आणि पुढचं गेट सुटण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बंद होतं. हातात तासभरच उरतो. वेगळी तिकिटं असतील, पहिला टप्पा उत्तर गोलार्धात पश्चिमेकडे जाणारा असेल आणि महिना जानेवारीचा असेल, तर मधे चार तासांहून कमी ठेवू नयेत, असं माझं मत आहे.